घरात ‘चुकलो’ कोण म्हणणार?

रविवारची सकाळ असते. सदरच्या संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये घंटा होते, मंडळी उभी राहतात आणि मिस्साबलिदानाच्या आरंभीच प्रत्येक जण छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतो. एकाच बाकावर बाप, आई आणि मुले उभी असतात. त्या क्षणी कुणी कुणाकडे बोट दाखवीत नाही. अपराध माझा, एवढेच जो तो म्हणतो. मानवी व्यवहारात इतका नम्र क्षण दुसरा क्वचितच आढळेल.

मिस्सा संपते. मंडळी घरी परततात. जेवणाला थोडा उशीर होतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून विषय निघतो, सासरमाहेरचे जुने उणेदुणे वर येते आणि आवाज चढतो. ज्या हाताने तासाभरापूर्वी स्वतःच्या छातीवर आघात केला, तोच हात टेबलावर आपटतो; काही घरांत तो टेबलापाशी थांबतही नाही. संध्याकाळी सारे शांत होते. शांत होते म्हणजे काय, तर कुणीच काही बोलत नाही. ‘माझे चुकले’ हे शब्द मात्र त्या घरात दिवसभरात एकदाही उच्चारले जात नाहीत.

आमचा प्रश्न साधा आहे. सर्वांसमक्ष देवाला जे सांगता येते, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पत्नीला का सांगता येत नाही? मुलाच्या अंथरुणाशी बसून त्याला का सांगता येत नाही?

हे लिहिणारे आम्ही दोघे पतीपत्नी आहोत. आमच्या विवाहसंस्काराला पंचवीस वर्षे झाली. आम्ही कुणाचे न्यायाधीश नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीही आहोत, हे आधीच सांगून टाकतो. आमचा मुलगा लहान असताना एका संध्याकाळी जपमाळ चालू असता त्याला हसू आवरेना. आमच्यापैकी एकाने त्याला थोबाडीत दिली. जपमाळ थांबली नाही. पुढच्याच दशकाच्या आरंभी प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेची विनंती आम्ही नेहमीच्या सुरात म्हटली आणि त्यात काही विसंगत आहे असे आम्हा दोघांपैकी कुणालाही वाटले नाही. मूल त्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी दारापाशी बसू लागले. त्याची क्षमा मागायला आम्हाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आम्ही देवाची क्षमा रोज मागत होतो!

धर्मग्रामाच्या सभांतून एक तक्रार आपण सारे वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तरुण मुले मिस्साला येत नाहीत. आली तर दारात उभी राहतात. लग्ने परधर्मीयांशी होतात, पुष्कळदा चर्चबाहेर होतात. दोष कुणाचा? पूर्वी तो दूरदर्शनचा होता, आता मोबाईलचा आहे. उपायही ठरलेले आहेत : धर्मशिक्षणाचे तास वाढवा, हजेरी कडक करा, दृढीकरणाआधी परीक्षा घ्या. या उपायांशी आमचे वैर नाही. परंतु आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार आहे. धर्मभगिनी आठवड्यातून एक तास मुलाला क्षमेचा धडा शिकवतात. उरलेला सारा आठवडा ते मूल क्षमेवाचून चालणारे घर पाहते. दोहोंपैकी कोणता धडा त्याच्या मनावर ठसेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्या कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे त्या संताने चारशे वर्षांपूर्वी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले होते, याचा आपल्याला विसर पडला आहे. नागपुरात त्यांचे नाव शाळेला आहे, महाविद्यालयाला आहे. सॅव्हॉय प्रांतातून त्यांच्याच नावाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकात इकडे आले, 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि 1953 साली महाधर्मप्रांत. इतके सगळे असूनही संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी लिहिले काय, हे आपल्या घरांतून कितीजणांना ठाऊक आहे?

त्यांचा भक्तिमय जीवनावरील प्रख्यात ग्रंथ 1609 साली प्रसिद्ध झाला. तो मठवासियांसाठी लिहिलेला नाही. एका विवाहित, संसारी स्त्रीला त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनपर पत्रांतून तो आकाराला आला. सैनिकाची छावणी, कारागिराचे दुकान आणि विवाहितांचे घर यांतून भक्तीला हद्दपार करू पाहणे ही मोठी चूक आहे, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. आणि त्या ग्रंथाच्या अगदी पहिल्या प्रकरणात खोट्या भक्तीची उदाहरणे देताना त्यांनी एक माणूस उभा केला आहे : तो रोज पुष्कळ प्रार्थना म्हणतो म्हणून स्वतःला भक्त समजतो, आणि मग घरच्या माणसांना व शेजाऱ्यांना टोचून, उर्मटपणे बोलतो. हा माणूस आम्ही नागपुरात पाहिला आहे. आरशातही पाहिला आहे.

त्याच ग्रंथात रागाविषयी लिहिताना त्यांनी उपायही सांगितला आहे. राग आला आणि त्या भरात आपण वावगे वागलो असे ध्यानात येताच विलंब न लावता, त्याच व्यक्तीशी सौम्यतेने वागून ते भरून काढावे. ‘त्याच व्यक्तीशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पत्नीवर ओरडायचे आणि मेणबत्ती लावायची संत अंतोनपुढे, हा त्यांचा मार्ग नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि 1965 साली आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक असल्याचे बजावले. या शिकवणुकीचे आपण काय केले? घरातील ख्रिस्तसभा म्हणजे चर्चमधील वस्तू घरात आणणे, असा सोयीस्कर अर्थ आपण लावला. भिंतीवर येशूच्या परमपवित्र हृदयाची तसबीर आली, तिच्यापुढे तांबडा दिवा आला, कोपऱ्यात लूर्दमाता आली. हे सारे आम्हाला प्रिय आहे. आमच्याही घरी आहे. परंतु ख्रिस्तसभा केवळ तसबिरींनी होत नाही. जिथे पापाची कबुली आणि क्षमा नाही, ती कसली ख्रिस्तसभा?

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. आपल्या घरांत ‘चुकले’ हा शब्द अजिबात नाही असे नाही. तो आहे, पण तो नेहमी एकाच दिशेने वाहतो. मूल बापाला म्हणते, सून सासूला म्हणते, पत्नी पतीला म्हणते, कामवाली बाई घरच्या सर्वांना म्हणते. धाकट्याने थोरल्याची क्षमा मागायची, दुबळ्याने बळकटाची. म्हणजे आपल्या घरातील क्षमायाचना ही पश्चात्तापाची खूण उरलेली नाही. ती पायरी दाखवणारी खूण झाली आहे. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात तेव्हा आपण भारावून पाहतो. प्रभू आणि गुरू असूनही ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, ही पायरीची उलटापालट होती. ती पाहून घरी आलेला बाप पाणी मागतो, तेही बसल्या जागेवरून.

यावर संत पौलाचा दाखला तत्काळ दिला जातो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नींनी पतींच्या अधीन असावे असे म्हटले आहे, हे ज्यांना बायबलमधील दुसरे काही पाठ नसते त्यांनाही पाठ असते. परंतु त्याच्या आधीचे, एकविसावे वचन उघडून पाहावे. तिथे ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी एकमेकांच्या अधीन होण्यास सर्वांनाच सांगितले आहे. पुढे पाहावे : पतीने ख्रिस्तासारखी प्रीती करावी, म्हणजे स्वतःला अर्पण करावे, अशी मागणी आहे, आणि सहाव्या अध्यायात बापांनी मुलांना चिडीस आणू नये, असा स्पष्ट आदेश आहे. एवढ्या मोठ्या उताऱ्यातून एकच वाक्य उचलून ते पत्नीच्या डोक्यावर ठेवणे हे वाचन नव्हे, लबाडी आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 1135 वे कलम वैवाहिक सहजीवनात दोघांची कर्तव्ये आणि हक्क समान असल्याचे सांगते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात पुरुषी वर्चस्वाच्या भ्रमामुळे स्त्रीचा होणारा अपमान नाव घेऊन निषेधिला. मग कोणत्या आधारावर आपण अजून ‘घरात शेवटचा शब्द माझा’ म्हणत बसलो आहोत?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आपण अल्पसंख्य, घरातले बाहेर गेले तर समाजाचे नाव जाईल, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही एका मराठी ख्रिस्ती घराची आठवण देतो. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात राहिले. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. त्या काळात त्या माउलीने जे भोगले ते वाचताना आजही मन गलबलते. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळेओवळे त्यांनी लगेच सोडले नाही आणि टिळकांनी ते जबरीने सोडवलेही नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या विचाराने.

हे घर प्रॉटेस्टंट पंथाचे होते, तरी मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा त्यावर हक्क आहे. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी काय लिहिले? पतीचे कवित्व लिहिले, औदार्य लिहिले, आणि त्यांचा तापट स्वभाव, घरातली भांडणे, पैशांची ओढाताण हेही लिहिले. स्वतःच्या चुका तर त्यांनी हसत हसत सांगितल्या. त्यामुळे टिळकांचे नाव गेले काय? ख्रिस्ती समाजाची अब्रू गेली काय? उलट मराठी वाचकांनी त्या घराला आपले मानले. ज्या घराने आपले उणे मोकळेपणाने सांगितले त्याची साक्ष टिकली. आपण मात्र पाहुण्यांसमोर आदर्श कुटुंबाची तसबीर धरून बसतो आणि आपलीच मुले तसबिरीच्या मागची भिंत पाहात वाढतात.

झाकल्या मुठीत कधी कधी नुसता तापट स्वभाव नसतो, मारहाण असते. हुंडा नसतो असे आपण अभिमानाने सांगतो; पण ‘भेटी’ची अपेक्षा असते आणि ती पुरी न झाल्यास टोमणे असतात. अशा स्त्रीला आपण काय सांगतो? ‘आपला क्रूस वाहा.’ ख्रिस्ताचा क्रूस इतक्या स्वस्तात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की क्रूस देणारे हात रोमन सैनिकांचे होते. धर्मसंहितेच्या 1153 व्या कलमानुसार, जोडीदारामुळे आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका असेल तर दुसऱ्याला वेगळे राहण्याचा अधिकार आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात, दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी कधी कधी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, या शिकवणुकीचा पुनरुच्चार केला.

देशाच्या कायद्याचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरेसे होते. पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावर विभक्ततेचा हुकूम मिळे, घटस्फोट मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. आम्ही घटस्फोटाचा पुरस्कार करीत नाही. विवाहाचे बंधन अभेद्य आहे, हीच आमची श्रद्धा. परंतु स्त्रीचे दुःख कमी वजनाचे मोजणारा तराजू 132 वर्षे चालला आणि आपल्या बहुतेक घरांना त्याचे काही वाटले नाही, याची लाज आम्हाला वाटते. कुटुंबातील हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सर्वधर्मीय स्त्रियांना लागू आहे. आपल्या किती धर्मग्रामांत तो समजावून सांगितला गेला?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्षमा करावी असा उपदेश आपल्याकडे भरपूर आहे आणि तो बहुधा मार खाणाऱ्याला केला जातो. क्षमा मागावी असा उपदेश मारणाऱ्याला कोण करतो? न मागितलेली क्षमा एखादा संत देऊ शकेल. ती पत्नीकडून वसूल करण्याचा हक्क पतीला नाही, सासूला नाही, धर्मगुरूलाही नाही.

शेवटचा आक्षेप दराऱ्याचा. बाप मुलापुढे वाकला तर मुलाला धाक कशाचा राहील? आम्ही उलट विचारतो, धाकाने आजवर काय मिळवले? ज्या घरात कबुलीचे फळ मार हेच असते तिथे मूल कबूल करायला नव्हे, लपवायला शिकते. आठनऊ वर्षांचे ते मूल मग पहिल्या पापनिवेदनासाठी धर्मगुरूपुढे गुडघे टेकते. क्षमा म्हणजे काय, हे त्याने पाहिलेले नसते. त्याच्या दृष्टीने ते आणखी एक कोर्ट असते, आणि मोठे झाल्यावर त्या कोर्टात जाणे ते सोडून देते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप दारात हुकूम देत उभा राहिला नाही. तो धावत गेला. त्या वयातही त्याला धावण्याची लाज वाटली नाही, म्हणून त्याचे बापपण कमी झाले काय?

आणि आयांनीही स्वतःला वगळू नये. मुलाचे ताट उचलणाऱ्या आणि मुलीला भांडी घासायला लावणाऱ्या आपणच असतो. सुनेच्या माहेरावरून बोलणाऱ्याही आपणच. आमच्यापैकी एकीने हे वाक्य लिहिले आहे, म्हणून ते तसेच ठेवले आहे.

मग करावे काय? नवी समिती नको, नवे शिबिर नको. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात प्रभूने सांगून ठेवले आहे : वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. भाऊ म्हणजे दूरचा कुणी नव्हे. जो आपल्याच बाकावर आपल्या शेजारी बसतो, तो. शनिवारी रात्री, दिवा मालवण्यापूर्वी, घरातील सर्वांत थोरल्या व्यक्तीने आधी बोलावे : या आठवड्यात माझे अमुक चुकले. मोघम नको, नेमके सांगावे. मग इतरांनी. ज्याला बोलायचे नसेल त्याला बोलायला लावू नये. आणि जिथे मारहाण आहे तिथे या शनिवारच्या बैठकीवर भागवू नये. तिथे आधी त्या स्त्रीला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावे, बाकीचे मागाहून.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गात वधूवरांना विधी, कागदपत्रे आणि कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धती शिकवल्या जातात. तिथे वराला एक प्रश्न विचारावा, अशी धर्मगुरूंना आमची विनंती आहे : तुमच्या वडिलांनी तुमच्या आईची क्षमा मागितलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर वर्ग तिथून सुरू व्हावा.

आमचा मुलगा आता मोठा झाला आहे, परगावी नोकरीला असतो. मिस्साला जातो की नाही हे आम्ही रोज विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला असता फोनवर कुणाशी तरी फार ताडताड बोलला. थोड्या वेळाने अंगणात जाऊन त्याने पुन्हा त्याच माणसाला फोन लावला आणि ‘मघाशी माझे चुकले’ असे म्हणाला. आम्ही दोघे आत कूलरपाशी बसलो होतो. त्या संध्याकाळी जपमाळेला तो आमच्याजवळ बसला की दारापाशी, याकडे आम्ही लक्ष दिले नाही.